शहाण्या शेंगा

मोहरी उगवत नव्हती, आणि ती का उगवत नाही याचं उत्तर दर सोमवारी सकाळी दहा वाजता मोहरीच्या वतीने मला द्यावं लागत असे.

साध्या मोहरीला उगवायला काही लागत नाही. फोडणी देताना ओट्यावरून चार दाणे निसटले तर आठवड्याने मोरीच्या जाळीपाशी रोपं दिसतात. आमची मोहरी तशी नव्हती. ती जगात एकाच ठिकाणी होती: जालन्याबाहेर, औद्योगिक वसाहतीच्या शेवटच्या गल्लीत, पूर्वज पीक केंद्राच्या शीतकपाटात, स्टीलच्या एका डबीत. तीनशे बारा बिया. त्यांचा सांभाळ करणारा शास्त्रज्ञ मी, विद्याधर सोनटक्के, वय बावन्न. दोन वर्षांत माझ्या हातून त्यातली एकही बी उगवली नव्हती.

केंद्रात एक यंत्र आहे. त्याचं सरकारी नाव दोन ओळींत मावत नाही, म्हणून सगळे त्याला पणजोबा म्हणतात. पिकाचे आज जगात जितके वाण आहेत त्या सगळ्यांची जनुकं पणजोबा वाचतो आणि मग उलटा चालायला लागतो. नातवंडांची नाकं बघून आजोबांचं नाक कसं असेल ते ताडावं, तसं. चालत चालत तो त्या पहिल्या रोपापाशी पोचतो, ज्याला माणसाचा हात लागला नव्हता. मग त्या रोपाचा जनुकसंच तो एका कोऱ्या पेशीत लिहून काढतो, आणि ती पेशी आम्ही काचेच्या नळीत वाढवतो. मोहरीची अशी चाळीस रोपं केली. एकोणचाळीस मेली. चाळिसाव्याने बिया दिल्या आणि मग तेही मेलं.

मोहरीचं मूळ काढताना एक अडचण होती. मोहरी हे मुळात एक झाड नाहीच, दोन आहेत. एक सलगमाच्या कुळातली रानटी सरसू, गुणसूत्रांच्या दहा जोड्यांची. दुसरी काळी मोहरी, आठ जोड्यांची. काही हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात कुठेतरी दोघी शेजारी वाढत होत्या आणि कुठल्याशा माशीने एकीचे पराग दुसरीवर सांडले. अशा लग्नातलं अपत्य खेचरासारखं असतं: धट्टंकट्टं, पण वंश न वाढवणारं, कारण गुणसूत्रांच्या जोड्या जमत नाहीत. इथे मात्र पेशी विभागताना एक कारकुनी चूक झाली. एक प्रत काढायची तिथे दोन निघाल्या. प्रत्येक गुणसूत्राला आपल्यासारखंच दुसरं मिळालं, अठरा जोड्या जुळल्या आणि खेचराला पोरं झाली. आपण फोडणीत टाकतो ती ही चूक.

हे मी आमचे संचालक डॉ. उपेंद्र वडगबाळकर यांना सांगितलं तेव्हा त्यांना फक्त एका शब्दाचा त्रास झाला.

"पश्चिम आशिया म्हणजे नक्की कुठे, सोनटक्के?"

"इराण, तुर्कस्तान, त्या पट्ट्यात, सर."

"पश्चिमेला आपल्याकडे कोकणही आहे."

"कोकण आशियातच आहे, सर," मी म्हणालो.

त्यांनी ते लिहून घेतलं. केंद्राच्या माहितीपत्रकात आजही 'मूळ स्थान: आशियाचा पश्चिम भाग (कोकणासह)' असं छापलेलं आहे.

प्रकल्पाचं नाव होतं 'मोहरीचे माणसाळणे'. रानटी मोहरीची शेंग पिकली की स्वतःहून फुटते आणि बी दूर उडवते. झाडाला ते सोयीचं, कापणाऱ्याला नाही. तिचं बी कडूजहर. शिवाय ते पडल्यावर झोपी जातं, वर्षं वर्षं, कारण सगळी भावंडं एकाच पावसावर उठली आणि मागून ऊन पडलं तर वंश संपतो. आपल्या मोहरीने या तिन्ही सवयी सोडल्या. का सोडल्या, कुणी सोडवल्या, किती पिढ्या लागल्या, हे मला शोधायचं होतं. त्यासाठी पूर्वज मोहरी आधी उठायला हवी होती.

मी तिला थंडीत ठेवलं. उन्हात ठेवलं. आम्लात बुडवलं, पॉलिश पेपरवर घासलं. धूर द्यायचंही माझ्या मनात होतं. रान पेटून गेलं की धुरातली काही रसायनं मातीत मुरतात आणि काही रानटी बियांना त्यातून निरोप मिळतो की वरची गर्दी जळाली, आता ऊन तुमचंच. पण केंद्रात धूर म्हटला की भोंगा वाजतो, म्हणून सुरक्षा समितीची परवानगी लागते. मी अर्ज केला. चौदा महिन्यांनी तो शेरा मारून परत आला: 'धूर झाल्यास जबाबदार कोण?'

मार्चअखेर एकही बी उगवली नाही तर मोहरी विभाग बंद आणि माझी बदली कापूस तक्रार निवारण कक्षात, असं ठरलं होतं. त्या कक्षातून आजवर कोणी हसत बाहेर पडल्याचं ऐकिवात नाही.

*

जानेवारीत मंत्रालयातून तीन सदस्यांची पाहणी समिती डबी बघायला आली. वडगबाळकरांनी डबीला हळदकुंकू वाहून, झेंडूचं फूल ठेवून ती टेबलावर मांडली. समितीतल्या बाईंनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढ्याशा आहेत, पण काय तेज आहे हो." मग सगळे जेवायला गेले.

मी परत येऊन बिया मोजल्या. तीनशे एक.

आमच्याकडे झाडलोट आणि चहापाणी कौसाबाई जिगे बघायच्या. एकोणीस वर्षं त्या तिथे होत्या, दर वर्षी नव्या करारावर. केंद्रातल्या विजेच्या किटलीवर त्यांचा विश्वास नव्हता. मागच्या पडवीत त्यांची स्वतःची शेगडी होती, आणि तिच्याविषयी सुरक्षा समितीला काही माहीत नव्हतं, कारण समितीला चहा तिच्यावरच होत असे.

"कौसाबाई, डबीला कोणी हात लावला?"

"म्या लावला. कामून?"

"कशासाठी?"

"दृष्ट काढली. दोन वर्सं झाली, उगवंना. त्यात आज ती बाई सगळ्यांदेखत तेज हाय म्हनली. लेकराला कुणी असं म्हनलं तर आई गप बसती का?"

"दृष्ट काढायला तुमच्या डब्यातली मोहरी होती ना?"

"तीबी घेतली. पन लेकराची काढताना त्याच्या पायाखालची माती घेत्यात. बियांना पाय कुठं असतेत? म्हनून त्यांच्यातल्याच चिमूटभर घेतल्या. अकरा. मोजून."

तर्कात खोट काढायला जागा नव्हती.

"आणि त्या अकरा?"

"मीठ-मिरच्यांसंगं सात डाव उतरवल्या आन् शेगडीत टाकल्या. धड तडतडल्याबी न्हाईत." त्यांनी जरा विचार केला. "म्हंजी दृष्ट लईच हुती."

मेमो हल्ली माणसं लिहीत नाहीत. फाइलसखी नावाची प्रणाली लिहिते. शीतकपाटाच्या नोंदीत अकरा बिया कमी दिसताच तिने एका मिनिटात चार पानी मेमो तयार केला. विभागप्रमुखाने, म्हणजे मी, पडद्यावर फक्त अंगठा लावायचा. 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात दोन नावं लुकलुकत होती, माझं आणि कौसाबाईंचं. एक निवडायचं होतं.

"तुमचं निवडलंत तर विभाग आजच बंद करावा लागेल," वडगबाळकर म्हणाले. "दोन वर्षं पाण्यात. विज्ञानाचा विचार करा, सोनटक्के."

मी विज्ञानाचा विचार केला आणि अंगठा लावला.

कौसाबाईंचा करार त्याच दुपारी संपला. त्यांनी शेगडीतली राख पडवीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत ओतली, शेगडी गोणपाटात बांधली आणि माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी इथं लागले तवा अंगठा लावीत हुते," त्या म्हणाल्या. "तुमीच मला सही शिकिवली. आता मी सही करते आन् तुमी अंगठा लावता."

घरी मी ही हकिकत जमेल तितकी सौम्य करून सांगितली. माझी बायको मृदुला मराठीची प्राध्यापक आहे, त्यामुळे सौम्य केलेलं तिला लगेच कळतं.

"अकरा बियांसाठी माणूस घालवलंस."

"त्या बिया जगात दुसरीकडे कुठेही नाहीत."

"उगवतात का?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि आमटी वाढून आत गेली. त्या आठवड्यात आमच्या घरात 'बरं' या शब्दाखेरीज फारसं बोलणं झालं नाही.

*

एकोणीस दिवसांनी मी पडवीत गेलो, कारण चहा आता यंत्रातून येत होता आणि तो ओतून द्यायला जागा हवी होती. मी कढीपत्त्याच्या कुंडीत ओतायला वाकलो आणि तसाच राहिलो. राखेतून चार रोपं वर आली होती. प्रत्येकाला दोन दलं, मधे खाच असलेली. कुठलीही मोहरी उगवताना अशीच दिसते, म्हणून मी मनाला आवरलं. एक पान खुडून पणजोबाला दिलं. पणजोबाने चाळीस मिनिटांनी सांगितलं: हा जनुकसंच मीच लिहिलेला आहे.

अकरापैकी सात जळाल्या असाव्यात. उरलेल्या चार शेगडीच्या जाळीतून खाली राखेत घसरल्या, तिथे धूर पोचला आणि आच पोचली नाही. ज्या धुरासाठी माझा अर्ज चौदा महिने फिरला, तो त्यांना परवानगीशिवाय मिळाला होता.

वडगबाळकरांनी धुराची परवानगी तोंडी, उभ्याउभ्या दिली. आम्ही कोळसा जाळला, कागद जाळला, गवत जाळलं, रद्दीतले जुने मेमो जाळले. कधी बिया भाजल्या, कधी ढिम्म राहिल्या. साठ बिया गेल्या. कुंडीतल्या चारपैकी दोन रोपं गोगलगायीने खाल्ली. आणि कौसाबाईंनी नेमकं काय, किती आणि किती वेळ जाळलं हे फक्त कौसाबाईंना माहीत होतं.

त्या चंदनझिऱ्याला राहायच्या. मी गेलो तेव्हा त्या अंगणात सूप घेऊन ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी मला बसा म्हटलं, पाणी दिलं आणि पाखडत राहिल्या.

"कौसाबाई, शेगडीत त्या दिवशी जळण काय होतं?"

"इसरले."

"बिया उगवल्यात. तुमच्या कुंडीत."

सूप थांबलं. "किती?"

"चार. त्यातल्या दोन आहेत."

"दोन कामून?"

"गोगलगाय."

"झाकायचं कळत न्हाई का तुमाला?" त्या म्हणाल्या आणि सूप परत सुरू झालं. "ते जळण मला एवढ्यात काई आठवनार न्हाई साहेब. माज्यावर लिहिलंय ना, की हिनं सरकारी बियानाचं नुकसान केलं. नुकसान करनाऱ्या बाईला काय आठवतंय."

"मी ते बदलून घेतो."

"अंगठा लावून?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"हातानं लिवा," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातानं. की आधी लिहिलं ते खोटं हुतं. आन् मला परत घेतलं म्हनून. मोठ्या साहेबांची सही घ्या. मग बगू काय आठवतंय ते."

वडगबाळकरांनी सही केली. त्यांना आता मंत्रालयात चांदीच्या डबीतून मूळ मोहरी अर्पण करण्याचा समारंभ दिसू लागला होता. त्या समारंभापुढे एका सफाईकामगाराचा करार ही क्षुल्लक गोष्ट होती. आधीही ती क्षुल्लकच होती, फक्त दुसऱ्या दिशेने.

मग कौसाबाईंना आठवलं. जळण होतं तुराट्या, तुरीच्या वाळलेल्या काटक्या. दंवाने ओलसर झालेल्या. त्या पेटत नाहीत, नुसत्या धुमसतात.

*

पुढचा महिनाभर मी जे केलं त्याला शास्त्रात नियंत्रित प्रयोग म्हणतात आणि कौसाबाई पोरखेळ म्हणत. बारा बियांना धूर दिला, मंत्र नाही. बारांना कौसाबाईंनी सात वेळा उतरवलं, ओठातल्या ओठात जे म्हणायचं ते म्हटलं, धूर नाही. बारांना मिरच्यांचा धूर. बारांना आमच्या रखवालदाराच्या विडीचा धूर. नुसत्या धुराच्या नऊ उगवल्या. नुसत्या मंत्राची एकही नाही. मिरचीने मी तीन दिवस खोकलो, बियांना काही झालं नाही. विडीच्या सात उगवल्या.

"बघा," मी म्हणालो, "दृष्टीचा काही संबंध नाही. विडीनेसुद्धा उगवतात."

"मग त्या सात बियांना विडीचं व्यसन लागलं आसंल," कौसाबाई म्हणाल्या आणि ट्रे उचलून गेल्या.

वडगबाळकरांनी निष्कर्ष वाचले आणि माहितीपत्रकात 'दृष्टविधी: पूर्वजांचे बीजविज्ञान' असं पान टाकलं. मी म्हटलं, सर, यात विडीही घाला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझीच दृष्ट काढावी लागली असती.

मार्च संपायच्या आत मोहरी उगवली. विभाग वाचला. आमच्या प्रकाशकोठीत दिवसाचे बावीस तास उजेड असतो, त्यामुळे दर दोन महिन्यांनी एक पीक निघतं. डबीत चाळीस मूळ बिया मी राखून ठेवल्या आणि बाकीचं पीक वाढवत नेलं. समारंभाला सव्वा वर्षाने पाव किलो बी लागणार होतं.

आणि मग मोहरीने आपला रानटी स्वभाव दाखवला. शेंग पिवळी झाली की जवळून माणूस गेला तरी फुटायची. टक्, टक्, असा आवाज करत दाणे भिंतींवर आदळायचे, फरशीवर लोळायचे, दिव्यांच्या खोबणीत शिरायचे. एकही बी वाया जाता कामा नये असा आदेश होता. म्हणून कौसाबाई रोज गुडघ्यांवर बसून मऊ कुंचल्याने सगळी फरशी झाडायच्या, चाळायच्या, निवडायच्या. वरून माझं म्हणणं, धूळ येऊ देऊ नका.

"हे काय पीक हाय का काय हाय," त्या म्हणायच्या. "हात लावू दे ना माणसाला. जरा म्हनून दम न्हाई."

"रानटी आहे, कौसाबाई. तिला काय माहीत कोणी तरी झाडायला आहे म्हणून."

"माहीत करून द्या मंग."

मी हसलो. त्या हसल्या नव्हत्या, हे मला पुढे आठवलं.

*

सात पिकं झाली. समारंभाला नऊ दिवस उरले असताना एका सकाळी कौसाबाईंनी मला पोह्यांची बशी आणून दिली. तो मंगळवार होता, केंद्रातला पोह्यांचा दिवस. मी दोन घास खाल्ले आणि थांबलो. दातांखाली आलेला दाणा नेहमीच्या मोहरीहून बारीक होता, आमच्या पूर्वज मोहरीसारखा तांबूस होता, आणि चव चांगली होती, हेच वाईट होतं. पूर्वज मोहरी कडू असते.

"कौसाबाई, ही मोहरी कुठली?"

"आपलीच."

"आपली म्हणजे?"

त्यांनी पडवीतून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आणला. आत शेंगा होत्या. वाळलेल्या, पिकलेल्या आणि बंद. मी एक हातात घेऊन दाबली. फुटली नाही. नखाने सोलावी लागली.

"या शहाण्या शेंगा," कौसाबाई म्हणाल्या. "आधी शंभरात दोन-तीन झाडं असायची, जी फुटत न्हाईत, वाट बगत्यात. पैल्या पिकापासून त्या येगळ्या ठिवते. प्रत्येक झाडाचा एक दाना चावून बगते, कडू लागलं की तेच्या शेंगा झाडून काढलेल्यात टाकते. दुसऱ्या पिकाला तुमी म्हनलात ट्रे भरा. मी या डब्यातलं भरलं. झाडलेल्यात धूळ हुती. तुमीच म्हनलात धूळ नको."

"दुसऱ्या पिकापासून?"

"मंग. आता झाडायला निम्म्याहून कमी लागतंय. तुमाला दिसलं न्हाई का?"

मला दिसलं होतं. मला वाटलं होतं, कुंचला नवीन आणला म्हणून.

मी पणजोबापाशी धावलो. नवा संकर स्वभावानेच अस्थिर असतो. दोन घरांची गुणसूत्रं एकमेकांच्या वाट्यात हात घालतात, त्यामुळे एका शेंगेतली भावंडंही एकमेकांसारखी निघत नाहीत, आणि निवडणाऱ्याला निवड मिळते. पणजोबाने छापून दिलं: पहिल्या पिकात न फुटणाऱ्या शेंगांची झाडं शंभरात तीन. सातव्यात एकाहत्तर. कडवटपणा निम्म्यावर. आणि झोप जवळजवळ गेलेली, कारण दुसऱ्या पिकापासून ट्रेमध्ये जे उशिरा उठलं ते त्या उपटून टाकत होत्या.

ज्या प्रश्नासाठी केंद्र उभं राहिलं, पणजोबा आला, मी साडेतीन वर्षं दर सोमवारी उभा राहिलो, त्याचं उत्तर माझ्यामागे गुडघ्यांवर बसून फरशी झाडत होतं. का, तर कंटाळा. कुणी, तर जी झाडते तिने. किती पिढ्या, तर सात.

मी हे वडगबाळकरांना सांगायला गेलो. मला वाटलं, ते खुर्चीतून उठतील. ते उठले.

"म्हणजे ती शुद्ध मूळ मोहरी नाही?"

"सर, हे त्याहून मोठं आहे. माणसाळणं आपल्या डोळ्यांसमोर—"

"नऊ दिवसांनी चांदीच्या डबीत मी काय ठेवू?"

"चाळीस मूळ बिया आहेत."

"डबी पाव किलोची आहे, सोनटक्के."

फाइलसखीला पणजोबाचा अहवाल मिळालेलाच होता. मी माझ्या खोलीत येईपर्यंत मेमो पडद्यावर आला होता. 'मूळ बियाणे भ्रष्ट करणे'. जबाबदार व्यक्ती: कौसाबाई जिगे. खाली अंगठ्याची जागा, आणि त्याखाली बारीक अक्षरांत: चोवीस तासांत अंगठा न लावल्यास जबाबदारी विभागप्रमुखाकडे वर्ग होईल व विभागाबाबत पुढील कार्यवाही आपोआप सुरू होईल.

घरी मी मृदुलाला सांगितलं. या वेळी सौम्य केलं नाही.

"मग?" तिने विचारलं.

"कापूस," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. पण हे 'बरं' वेगळं होतं, आणि तिने पापड भाजला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलाशी बसून कागदावर हाताने अहवाल लिहीत होतो. पडद्यावर उरलेला वेळ दिसत होता: दोन तास, अकरा मिनिटं. कौसाबाई कुंचला घेऊन आल्या.

"पाय वर घ्या."

मी घेतले. त्यांनी टेबलाखालून झाडलं, मग पडद्यासमोर उभ्या राहिल्या. आपलं नाव त्यांना वाचता येतं.

"अंगठा लावला का?"

"नाही."

"मंग काय हुईल?"

"बारा वाजता तिथे माझं नाव येईल."

"कापसात धाडतेत म्हनं."

"पाठवू दे. अहवाल लिहून झालाय. उद्या तो पणजोबाच्या आकड्यांसकट चार विद्यापीठांत जाईल. संशोधकांची नावं दोन आहेत, तुमचं पहिलं. इथे सही करा."

त्यांनी कागद उलटसुलट पाहिला, पदराला हात पुसला आणि सही केली. 'जिगे' मधला ग त्या अजून मी शिकवला तसाच काढतात, जरा लंगडा.

"यात काय लिवलंय?"

"मोहरी माणसाळली कशी ते. तुम्ही जे केलंत ते पहिल्यांदा केलं नाहीत, कौसाबाई. काही हजार वर्षांपूर्वी तिकडे पश्चिमेला कोणीतरी बाई अशीच वैतागली असणार. सांडलेलं वेचून तिची कंबर मोडली असणार. तिने न फुटलेल्या शेंगा वेगळ्या ठेवल्या आणि पुढच्या वर्षी त्याच पेरल्या. तिच्यापासून निघाली ती जगभरची सगळी मोहरी."

कौसाबाई कुंचल्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"तिच्यावर मेमो काढला का कुनी?"

"तेव्हा मेमो नव्हते."

"म्हनून तर मोहरी झाली," त्या म्हणाल्या, आणि खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन झाडू लागल्या.